नव्या आज्ञेतील ‘जशी’ आणि ‘तशी’

पवित्र गुरुवार जवळ येऊ लागला की धर्मग्रामात बारा नावांची एक यादी तयार होऊ लागते. प्रभूच्या भोजनाच्या सायंकालीन मिस्सात ज्यांचे पाय धुवावयाचे त्यांची ही यादी. वरकरणी काम किरकोळ. धर्मशिक्षकाने एका संध्याकाळी बसून उरकावे इतके. परंतु ज्या धर्मगुरूंनी मिश्र भाषेचा एखादा धर्मग्राम काही वर्षे सांभाळला आहे त्यांस ठाऊक आहे की, वर्षभर झाकून राहिलेले पुष्कळसे या यादीत उघडे पडते.

काचीगुड्याच्या परिसरातील मराठी कुटुंबांत आम्ही सेवा करतो. येथील रेल्वे स्टेशन १९१६ सालचे. मनमाडहून निघून तेव्हाचे औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड, निजामाबाद करीत येणाऱ्या मीटरगेजच्या गाडीने मराठवाड्यातील माणसे पिढ्यान्पिढ्या या शहरात आणून सोडली. १९५६ च्या नोव्हेंबरात हैदराबाद राज्याची वाटणी झाली व मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तरी नोकरीधंद्यासाठी आलेली बरीच घरे येथेच राहिली. त्यांत ख्रिस्ती घरे थोडी. तेलुगू भाषिकांच्या मोठ्या समुदायात ती विखुरलेली आहेत. त्यामुळे ती एकमेकांना घट्ट धरून असतील असे बाहेरून पाहणाऱ्यास वाटते. काही अंशी ते खरे आहे. पण एका वर्षी यादीत दोन मराठी नावे एकाखाली एक आली, तेव्हा वरच्या नावावर नजर टाकून खालच्या नावाच्या गृहस्थांनी आपले नाव काढावयास सांगितले. कारण दिले गुडघेदुखीचे. दोन्ही घरे मूळची मराठवाड्यातील. दोघांचे आजे गावाच्या कोणत्या बाजूस राहत, हे दोघांस ठाऊक होते व आम्हांसही. एकाच्या पायाखालचे घंगाळे दुसऱ्याच्या पायाखाली जाणार होते.

ज्या रात्री प्रभूने आपल्या शिष्यांना एकमेकांवर प्रीती करण्याची आज्ञा दिली, त्याच रात्रीच्या स्मरणार्थ हा विधी आहे. तेव्हा त्या आज्ञेचा नेमका अर्थ काय, तिच्यातील ‘जशी मी केली तशी’ या अंशाचे वजन किती, आणि आपण प्रवचनांतून तो अंश किती सहज ओलांडून जातो, याचा विचार आमच्या धर्मगुरू व धर्मशिक्षक बंधुभगिनींसमोर मांडावा असे वाटले.

प्रथम विधीविषयी दोन शब्द. पाय धुण्याचा संस्कार ख्रिस्तसभेत फार जुना असला तरी तो बहुधा मठांत व कॅथीड्रलांत, मिस्साच्या बाहेर होत असे. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी पवित्र आठवड्याच्या विधींची पुनर्रचना केली, तेव्हा तो सायंकालीन मिस्सात शुभवर्तमान व प्रवचन यांच्यानंतर घेण्याची मोकळीक मिळाली आणि तो गावोगावच्या चर्चमध्ये आला. २०१६ च्या जानेवारीतील आदेशाने पोप फ्रान्सिस यांनी त्यात स्त्रियांचाही समावेश केला. त्याआधी, २०१३ च्या पवित्र गुरुवारी, त्यांनी स्वतः रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन ज्यांचे पाय धुतले त्यांत मुलीही होत्या व मुसलमानही होते. बारा हा आकडासुद्धा आज नियमाचा नसून सवयीचा आहे. आणि आपल्याकडची दुसरी सवय अशी की, ज्यांचे पाय आपण धुतो ते त्या दिवशी घरूनच साबणाने स्वच्छ धुऊन आलेले असतात. आम्ही हे थट्टेने म्हणत नाही. मळलेला पाय दुसऱ्याच्या हाती देणे किती कठीण आहे, हेच यातून दिसते. पेत्रालाही तेच कठीण गेले होते.

आता मूळ वचनाकडे वळू. योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायाची मांडणी लक्षपूर्वक पाहावी. आरंभी भोजन व पाय धुणे. त्यानंतर आपणांपैकी एक जण आपल्याला धरून देईल हे प्रभूचे कथन. तिसाव्या ओवीत यहूदा घास घेऊन बाहेर पडतो. रात्र असल्याची नोंद शुभवर्तमानकार मुद्दाम करतो. चौतिसाव्या ओवीत नवी आज्ञा येते. आणि तिच्यामागून लगेच, अडतिसाव्या ओवीत, पेत्र तीनदा नाकारील हे भाकीत येते. म्हणजे प्रीतीची आज्ञा विश्वासघात व नकार या दोहोंच्या मधोमध उभी आहे. ती शांत मनाच्या, एकदिलाच्या मंडळीला दिलेली नाही. पाय धुतले तेव्हा यहूदा पंक्तीत होता आणि त्याचे पाय वगळल्याचा कोणताही उल्लेख नाही. उलट, आपल्याला धरून देणारा कोण हे प्रभूस ठाऊक होते, असे त्या कथनात दोनदा सांगितले आहे. आपल्या यादीचा प्रश्न त्या रात्रीच्या पंक्तीत आधीच सुटलेला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

ही आज्ञा ‘नवी’ कशी, असा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गात हमखास येतो. शेजाऱ्यावर प्रीती करावी ही आज्ञा लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात पूर्वीच होती. तेथे माप ‘स्वतः’ हे होते. मनुष्य स्वतःला जितका जपतो तितके त्याने शेजाऱ्याला जपावे. हे माप लहान नव्हे. परंतु नव्या आज्ञेत माप बदलले आहे. आता मनुष्याचे स्वतःवरील प्रेम हे माप नाही. प्रभूने शिष्यांवर केलेली प्रीती हे माप आहे. येथवर बहुतेक प्रवचने जातात, आणि येथेच थांबतात. ऐकणारा मनात म्हणतो, ते प्रभू होते, आपण माणसे आहोत. जमेल तेवढे करू. अशा रीतीने जगातील सर्वांत मोठी आज्ञा ‘जमेल तेवढे’ या पायरीवर येऊन बसते.

मूळ ग्रीकमधील ‘काथोस्’ हा शब्द येथे आपल्या मदतीस येतो. भाष्यकारांनी पुष्कळदा दाखविले आहे की, योहानाच्या लेखनात हा शब्द केवळ तुलना करीत नाही, तो आधारही सांगतो. ‘जशी मी केली तशी करा’ यात ‘मी केली आहे, म्हणून व तिच्याच बळावर करा’ हा अर्थ अनुस्यूत आहे. पंधराव्या अध्यायात हाच शब्द साखळीसारखा येतो: पित्याने पुत्रावर जशी प्रीती केली तशी पुत्राने शिष्यांवर केली, आणि त्याच प्रीतीत त्यांनी राहावयाचे आहे. द्राक्षवेल व फांद्या यांचा दृष्टान्त तेथेच आहे. म्हणजे दैवी प्रीती हा भिंतीवर टांगलेला कित्ता नव्हे, की ज्याकडे पाहून आपण वेडीवाकडी अक्षरे काढावीत. नांदेडकडच्या एका जुन्या धर्मशिक्षकांनी हे आम्हांस मोटेच्या भाषेत समजावून दिले होते. पाटातून वाहणारे पाणी पाटाचे नसते. विहिरीतून आले नाही तर पाट कोरडाच. पण पाट मध्येच फुटला असेल तर विहीर कितीही भरलेली असो, शेवटच्या वाफ्याला पाणी मिळत नाही. आम्ही धर्मज्ञानाच्या परीक्षा दिल्या, पण ‘काथोस्’ चा अर्थ इतका नेमका आम्हांस तेव्हा सांगता आला नसता.

योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात हाच विचार आणखी पुढे नेला आहे, आणि त्यातील एका वळणाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. देवाने आपल्यावर अशी प्रीती केली, तर आपणही... असे वाक्य अकराव्या ओवीत सुरू होते. सहज अपेक्षा अशी की, ते ‘आपणही देवावर प्रीती केली पाहिजे’ असे संपावे. तसे ते संपत नाही. आपण एकमेकांवर प्रीती करणे हे आपल्यावरील देणे आहे, असे ते संपते. देणे हाच शब्द येथे योग्य आहे, कारण मूळ क्रियापद कर्ज असण्याच्या अर्थाचे आहे. आणि हेच क्रियापद शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात चौदाव्या ओवीत आले आहे: प्रभू व गुरू असून मी तुमचे पाय धुतले, तेव्हा एकमेकांचे पाय धुण्याचे देणे तुमच्यावर आहे, या आशयाच्या वचनात. घेतले एकाकडून आणि फेडावयाचे भलत्याच दारी, असा हा विलक्षण व्यवहार आहे. ज्याच्याकडून घेतले त्याने तो दरवाजा स्वतः दाखवून दिला आहे.

मराठी भाषेने येथे आपल्या हाती एक मोलाची गोष्ट ठेवली आहे. ‘देणे’ हे क्रियापद दान सांगते. ‘देणे’ हे नाम कर्ज सांगते. मी देतो म्हणणारा दाता असतो. मी देणे लागतो म्हणणारा ऋणको. शब्द एकच, पण माणूस कोठे उभा आहे हे पूर्ण बदलते. आपल्या ख्रिस्ती प्रीतीचे पुष्कळसे आजार या दोन अर्थांच्या अदलाबदलीतून झाले आहेत, असे आमचे मत आहे. आपण देणे लागतो आणि समजतो की आपण देत आहोत.

यासाठीच दया, प्रीती व माया या तीन शब्दांचा वापर प्रवचनात सावधपणे करावा. दया वरून खाली येते. देवाच्या बाबतीत तो शब्द यथार्थ आहे. मनुष्याने मनुष्यावर दया करावी यातही दोष नाही. परंतु आज्ञा ‘एकमेकांवर’ आहे, आणि दया सहसा एकमेकांवर होत नाही. एकाची दुसऱ्यावर होते. पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरांतून ‘प्रीती’ हा शब्द आपल्याकडे रुजला. तो शुद्ध आहे, मात्र चर्चच्या पायऱ्या उतरताच तो फारसा ऐकू येत नाही. खेड्यातील बाई म्हणेल ‘माया’. लेकरावर माया, शेजारणीची माया. वेदान्ताच्या अभ्यासकास या शब्दाने भ्रम आठवेल व तो भुवया उंचावील. आम्ही धर्मशिक्षकांना सांगू की, खुशाल ‘माया’ म्हणा. ज्या शब्दाने ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एखादा चेहरा उभा राहतो तो शब्द त्या घटकेला बरोबर असतो.

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. प्रभूने जशी प्रीती केली ती कशी? आपले उत्तर तयार असते: त्याने दिले, सेवा केली, प्राण अर्पण केला. हे सर्व सत्य आहे व ख्रूस हाच त्याचा कळस आहे. पण शुभवर्तमानकाराने पाय धुण्याच्या प्रसंगाच्या आधीच्या अध्यायात काय ठेवले आहे? बेथानीचे भोजन. मरियेने बहुमोल सुगंधी तेल येशूच्या पायांस लावले आणि आपल्या केसांनी ते पुसले; तीनशे दिनारांचे तेल, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. यहूदाने आक्षेप घेतला तो दानधर्माच्या नावाने: ते विकून गरिबांना का दिले नाही? येशूने तिला थांबविले नाही. त्याने पाय मागे घेतले नाहीत. तेथे ‘पुसणे’ यासाठी जे क्रियापद आहे तेच पुढच्या अध्यायात, शिष्यांचे पाय रुमालाने पुसणाऱ्या येशूविषयी योजले आहे. ज्याने पाय धुतले त्याने काही दिवसांपूर्वी आपल्या पायांची सेवा दुसऱ्याकडून स्वीकारली होती. आणखी मागे जावे तर चौथ्या अध्यायात याकोबाच्या विहिरीवर तो शोमरोनी स्त्रीजवळ प्यावयास पाणी मागतो, आणि ती चकित होते, कारण यहूदी लोक शोमरोन्यांशी भांड्यांचा व्यवहार ठेवीत नसत. जिवंत पाण्याविषयीचे थोर संभाषण घडले ते प्रभू प्रथम याचक झाला म्हणून. आमच्या पुष्कळ प्रवचनांत हा प्रसंग जिवंत पाण्यापासूनच सुरू होतो. मागितलेले पाणी वाटेतच राहते.

तेव्हा ‘जशी मी केली’ यात देणे आहे तसे घेणेही आहे. ‘एकमेकांवर’ या शब्दाचा अर्थ त्याशिवाय पूर्ण होत नाही. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २५ डिसेंबर २००५ रोजीच्या आपल्या पहिल्या परिपत्रकात हाच मुद्दा वेगळ्या मार्गाने मांडला आहे: मनुष्य केवळ देत राहून जगू शकत नाही, ज्याला प्रीती द्यावयाची आहे त्याने ती स्वीकारलीही पाहिजे. हे वाचल्यावर पेत्राचा नकार आम्हांस नवा दिसू लागला. प्रभूने आपले पाय धुवावेत हे पेत्राला सोसेना. नम्रता म्हणून आपण त्याचे कौतुक करतो. प्रभूने मात्र त्याला बजावले की, हे घेतले नाहीस तर माझ्याबरोबर तुझा वाटा नाही. घेण्यास नकार देणे हे तेथे लहान पाप ठरलेले नाही.

याचे महाराष्ट्रातील एक उदाहरण आम्हांस फार मोलाचे वाटते, आणि ते आपल्या ख्रिस्तसभेबाहेरचे, अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरातील आहे, म्हणून ते सांगण्यास संकोचू नये. नारायण वामन टिळक यांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई ह्यांवर तो वज्राघात होता. त्या माहेरच्या व नातलगांच्या आश्रयाने वेगळ्या राहिल्या. टिळकांच्या धर्मांतराचे गुणगान करताना त्या वर्षांचे दुःख आपण झाकू नये. पतीच्या श्रद्धेचे मोल पत्नीने मोजले. पुढे दोघे पुन्हा एकत्र आले तेव्हाही लक्ष्मीबाईंचे सोवळे कायम होते, आणि ते त्यांच्यावरून कोणी जबरीने उतरविले नाही. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांस आठवेल की, जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाशी त्या एकट्याच झगडल्या. तो माणसाचा आहे असा त्यांच्या मनाचा निवाडा झाला आणि मग कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याची बंदी त्यांनी आपण होऊन मोडली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. धर्मज्ञानाच्या परिभाषेत बोलावयाचे तर, विधीच्या आधी त्यांच्यापाशी विधीचे फळ आले होते.

येथे बारकाईने पाहावे. लक्ष्मीबाईंनी प्रथम काय केले? कोणाला अन्न वाढले नाही, अन्न घेतले. सोवळे पाळणारे घरसुद्धा दारच्या भुकेल्याला दुरून वाढीत असे. दान जातीची भिंत ओलांडून जाऊ शकते, भिंतीला धक्का न लावता. हातचे पाणी घेतले की भिंत उरत नाही. आमच्या समजुतीप्रमाणे दया व प्रीती यांतील भेद याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

दुसरे उदाहरण आमच्या काचीगुड्याच्या रेल्वेमार्गावरचेच आहे. निजामाबादच्या अलीकडे डिचपल्ली नावाचे स्टेशन लागते. स्कॉटलंडहून आलेल्या डॉक्टर इझाबेल कर व त्यांचे पती जॉर्ज कर या वेस्लियन मेथडिस्ट दांपत्याने तेथे उभारलेले कुष्ठरुग्णालय १९१५ साली सुरू झाले. कुष्ठरोग्यास त्या काळी बहुधा आसरा मिळे. उपचाराची आशा मिळत नसे. कडू कवठाच्या जातीतील बियांच्या तेलाची इंजेक्शने देऊन तेथे रोग्यास घरी परतता येण्याजोगे करण्याचा यत्न झाला. हे सारे आपण सहसा मिशनरी सेवेचे उदाहरण म्हणून सांगतो. परंतु ते रुग्णालय उभे राहिले त्यात निजामाबादचे हिंदू धनिक राजा नरसा गौड यांच्या मोठ्या देणगीचा वाटा होता. ख्रिस्ती डॉक्टर देणारी व हिंदुस्थानी माणूस घेणारा, असे हे चित्र नाही. तिने आधी हात पुढे केला व त्यात कोणीतरी ठेवले. आमच्या लहानपणी गाडी डिचपल्लीला थांबली की काही प्रवासी खिडक्या ओढून घेत. आम्हीही घेतली असेल. नाही म्हणावयास आमची जीभ रेटत नाही.

काही वाचक विचारतील की, प्रभूची आज्ञा ‘एकमेकांवर’ आहे, म्हणजे शिष्यांनी शिष्यांवर. मग हिंदू दात्याचा येथे काय संबंध? योहानाची प्रीती मंडळीपुरती आखडलेली आहे, असा आक्षेप विद्वानांनीही घेतला आहे. आमचे उत्तर थोडक्यात असे. मत्तयच्या पाचव्या अध्यायातील शत्रुप्रीतीची आज्ञा योहानाने रद्द केलेली नाही. आणि पस्तिसाव्या ओवीत, या एकमेकांवरील प्रीतीवरूनच सर्वांस तुमची ओळख पटेल असे म्हटले आहे. घरात जी गोष्ट नाही ती अंगणात दाखविता येत नाही. ज्या मंडळीत एकाच घंगाळ्यात दोघांचे पाय बुडत नाहीत तिने गावाला बंधुभाव शिकवू नये.

ही गोष्ट कोणा जुन्या काळाची नाही. हैदराबादचे महागुरुस्वामी अँथनी पूला २०२२ साली कार्डिनल झाले, तेव्हा दलित समाजातून आलेले पहिले कार्डिनल म्हणून जगभर त्यांची नोंद झाली. आपल्यासाठी तो आनंदाचा दिवस होता. पण जगाला तो आकडा मोजावा लागला, हा आपल्या इतिहासाचा ताळेबंदही आहे. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या डिसेंबरात दलितांच्या सक्षमीकरणाविषयीचे धोरण प्रसिद्ध केले, त्यात ख्रिस्तसभेच्या आतील भेदभाव उघडपणे मान्य केला आहे. धोरणे हवीत. पण गुडघेदुखीवर त्यांचा इलाज चालत नाही.

धर्मगुरूंनी या बाबतीत स्वतःकडे अधिक कठोरपणे पाहावे. आपला सारा दिनक्रम देण्याचा आहे. आपण बाप्तिस्मा देतो, पापक्षमा देतो, ख्रिस्तप्रसाद देतो, सल्ला देतो, शिफारसपत्र देतो. घेण्याची सवय मोडते, आणि मोडल्याचे कळत नाही. संत अगस्तीन यांनी योहानाच्या या पत्रावर दहा प्रवचने केली. त्यांतील प्रीती करून मग हवे ते करण्याविषयीचे प्रसिद्ध वचन आपण लग्नाच्या प्रवचनातही वापरतो. मुळात ते फुटून निघालेल्या डोनाटिस्ट बांधवांच्या संदर्भात, शासन करणाऱ्या हाताविषयी आले आहे. शासन करणारा हातही प्रीतीचा असू शकतो हे खरेच. पण तो हात कधी काही घेण्यासाठी उघडला होता का, हा प्रश्न आम्ही त्यात जोडू इच्छितो.

आमच्या सेवेच्या आरंभीच्या वर्षांतील एक प्रसंग सांगतो. पास्काच्या काळात घरे आशीर्वादित करीत फिरत होतो. तीन घरी चहा झाला. चौथे घर एका वृद्ध बाईंचे, चिंचोळ्या गल्लीत, एकाच खोलीचे. प्रार्थना झाली, पवित्र पाणी शिंपडले. बाईंनी स्टीलच्या पेल्यात चहा आणला. आम्ही म्हणालो, आत्ताच झाला. ते खोटे नव्हते. बाई पेला हातात धरून उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, “फादर, तुमच्या हातचं आमी समदं घेतो. आमच्या हातचा चहा तेवढा नगं व्हय?” आम्ही प्यालो. पण ज्या क्षणी ‘झाला’ म्हणालो त्या क्षणी पोट बोलले की आजोबा बोलले, हे आम्हांस त्या वेळी उमगले नाही. आजही सांगता येत नाही. तिसऱ्या घरातही पोट भरलेलेच होते, आणि तेथे आम्ही नाही म्हटले नव्हते.

धर्मशिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. मुलांना नवी आज्ञा शिकविताना तेरावा अध्याय एकटा शिकवू नये. बारावा जोडून शिकवावा. प्रथम येशूचे पाय कोणी पुसले ते सांगावे, मग येशूने कोणाचे पुसले ते. क्रम महत्त्वाचा आहे. आणि मुलांना कोणाला काय दिले हे विचारण्याबरोबर, या आठवड्यात कोणाकडून काय घेतले हेही विचारावे. आम्ही हा प्रयोग केला तेव्हा पहिल्या प्रश्नाला हात भराभर वर गेले. दुसऱ्या प्रश्नाला बराच वेळ कोणी बोलेना. मग एका मुलीने वर्गातील दुसऱ्या मुलीच्या डब्यातील लोणच्याचे नाव घेतले, आणि जिचे लोणचे होते ती इतकी लाजली की वर्ग हसू लागला. वर्गाचे पुढचे बरेचसे काम त्या लोणच्याने केले.

या वर्षीची यादी आम्ही अजून लिहिलेली नाही. त्या गृहस्थांच्या घरी मात्र जाऊन आलो. गुडघ्याविषयी बोलणे झाले, तेलाविषयी झाले, मुलाच्या नोकरीविषयी झाले. यादीचा विषय आम्ही काढला नाही, त्यांनीही काढला नाही. त्यांच्या पत्नीने पोहे केले होते ते आम्ही खाल्ले. निघताना जोड्यात पाय घालीत असताना त्यांनी मागून विचारले, त्या दुसऱ्या घरी आपण चहा घेता का. घेतो, म्हणून आम्ही सांगितले. कसा करतात, असे त्यांनी विचारले. आले घालून, आम्ही म्हणालो. ते काही बोलले नाहीत. गल्लीच्या तोंडापर्यंत ते आम्हांस पोहोचवावयास आले, काठी न घेता.